खेड्याचं चित्र बघताना आधी बघणारा कुठे उभा आहे ते शोधा

शेतं, मेंढरं, कापणी, नांगरट, संध्याकाळचं पिवळं ऊन, अशी युरोपातली जुनी चित्रं बघितली की बहुतेकांना छान शांत वाटतं, आणि ते वाटू द्यावं, चित्रं सुंदर आहेतच. पण या प्रत्येक चित्रात एक माणूस असा असतो जो दिसत नाही आणि तरी सगळी मांडणी त्याच्या सोयीनं केलेली असते, तो म्हणजे बघणारा. तो कुठेतरी उभा असतो, वाड्याच्या गच्चीवर, घोड्यावर, झाडाच्या सावलीत नाहीतर थेट ढेकळात, आणि तो कुठे उभा आहे त्यावर ठरतं की कष्ट करणारा माणूस त्याला केवढा दिसणार, स्वच्छ दिसणार की मळलेला, त्याचं तोंड दिसणार की नुसती पाठ. ही जागा शोधायची कशी ते इथे लिहितेय. चित्रकलेचं शिक्षण वगैरे लागत नाही, फक्त म्युझियमच्या साइटवर जाऊन चित्र मोठं करून सावकाश बघायची तयारी पाहिजे, आणि शक्यतो मोबाइलवर नको, मोठ्या स्क्रीनवर बघा कारण महत्त्वाचं बरंच काही कोपऱ्यात आणि लांबवर असतं.

आधी क्षितिज पकडा

स्क्रीनवर एक कागदाची पट्टी आडवी धरा, जिथे जमीन संपून आकाश लागतं तिथे. ही क्षितिजरेषा म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची उंची. यथादर्शनाचा, म्हणजे सपाट चित्रात जवळ-लांब दाखवायच्या पद्धतीचा, हा अगदी साधा नियम आहे, १४३५ मध्ये अल्बर्टी नावाच्या विद्वानानं इटलीत तो लिहून मांडला आणि पुढची चार-पाचशे वर्षं युरोपातले चित्रकार त्यावर चालले. सपाट जमिनीवर तुम्ही उभे आहात आणि समोर तुमच्याच उंचीची माणसं जवळ-लांब उभी आहेत, तर सगळ्यांची डोकी साधारण त्याच रेषेवर येतात. उभ्या माणसांची डोकी रेषेच्या बरीच खाली राहिली असतील तर बघणारा उंचावर आहे, गच्चीत, टेकडीवर किंवा घोड्यावर. आणि डोकं-छाती रेषेच्या वर आकाशात गेली असेल तर बघणारा खाली बसलाय किंवा चित्रकारानं त्याला मुद्दाम खाली आणलंय.

फ्रेंच चित्रकार मिलेचं 'पेरणारा' (१८५०) उघडा. उतारावरून लांब ढांगा टाकत येणारा शेतकरी, तोंड टोपीच्या सावलीत, आणि वरचं अर्धं शरीर आकाशावर. आपण त्याच्या खालच्या अंगाला आहोत आणि तो आपल्याकडे उतरून येतोय. सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या सरकारी चित्रप्रदर्शनात, हे बघणाऱ्या पॅरिसकरांना १८४८ ची क्रांती नुकतीच आठवत होती, त्यामुळे एवढा मोठा, तोंड न दिसणारा, अंगावर येणारा शेतकरी काहींना अजिबात आवडला नाही, यात नवल नाही.

याच्या उलट टोक बघायचं तर फ्रान्सच्या राजघराण्यातल्या बेरीच्या ड्यूकसाठी लिंबुर्ग बंधूंनी रंगवलेल्या प्रार्थनापोथीतली बारा महिन्यांची पानं बघा, बरीचशी १४१६ च्या आधीची, काही नंतर दुसऱ्या चित्रकारांनी पुरी केलेली. तेव्हा यथादर्शन अजून नियमात बसलेलं नव्हतं, पण नजर कुठून येते ते स्पष्ट कळतं. मार्चच्या पानावर खाली म्हातारा शेतकरी बैल हाकत नांगर धरून चाललाय आणि वर, सगळ्यावर, लुझिन्याँचा किल्ला, ड्यूकचाच. शेतकरी, मेंढपाळ, द्राक्षाचा मळा, सगळं त्या किल्ल्यातून खाली बघितल्यासारखं मांडलंय, म्हणजे चित्र बघताना ड्यूक आपलीच मालमत्ता मोजत होता म्हटलं तरी चालेल. फेब्रुवारीच्या पानावर तर शेकोटीपाशी बसलेल्या शेतमजुरांनी कपडे इतके वर घेतलेत की गुप्तांगं दिसतात, पण शेजारची निळ्या कपड्यातली बाई मात्र शालीन, नजर वळवलेली. हा फरक चित्रकाराला काढता येत होता आणि कोणासाठी कुठली वागणूक दाखवायची हे त्याला पक्कं माहीत होतं.

कधीकधी क्षितिज सापडतच नाही. फ्रेंच चित्रकार कूर्बेच्या 'दगडफोड्यां'मध्ये (१८४९) मागे टेकडीच उभी आहे, आकाशाचा एक लहानसा तुकडा तेवढा वर कोपऱ्यात. म्हातारा आणि पोरगा त्या दगडमातीत कोंडलेले, दोघांचीही तोंडं आपल्याकडे नाहीत. असं झालं तर क्षितिज नाही म्हणून सोडून देऊ नका, चित्रकारानं ते झाकलं का ते विचारा. (हे चित्र आता फक्त फोटोत उरलंय, १९४५ मध्ये ड्रेस्डेनजवळ युद्धात नष्ट झालं.)

काम दिसतंय आणि माणूस नाही, अशी जागा शोधा

ही पायरी सगळ्यात जास्त देते म्हणून हिच्यावर वेळ घालवा. चित्रातल्या प्रत्येक वस्तूवर बोट ठेवून विचारायचं, हे कोणी केलं? कुंपण कोणी घातलं, पेंढ्या कोणी बांधल्या, मेंढरं कोण राखतंय. उत्तर चित्रात आहे का बघायचं.

इंग्लिश चित्रकार गेन्सबरोचं 'मिस्टर आणि मिसेस अँड्र्यूज' घ्या, साधारण १७५० चं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. रॉबर्ट अँड्र्यूज आणि फ्रान्सेस कार्टर यांचं लग्न १७४८ मध्ये सफोकमधल्या सडबरीत झालं, त्यानंतर दोनेक वर्षांत काढून घेतलेलं हे चित्र. जोडपं एका बाजूला डावीकडे ओक झाडाखाली, आणि उजवा अर्ध्याहून जास्त भाग नुसती जमीन. हे नेहमीचं नाही, पैसे देऊन पोर्ट्रेट काढून घेणारे लोक सहसा स्वतःला मधोमध बसवतात. इथे जमीनसुद्धा पोर्ट्रेटला बसलीय.

आता झूम करा. उजवीकडे पुढ्यातच कापलेल्या गव्हाच्या पेंढ्या उभ्या रचलेल्या आहेत. मागे धसकटांच्या ओळी सरळ, पाभरीनं पेरल्यासारख्या, म्हणजे मालक नव्या पद्धतीनं शेती करणारा आहे, हे त्याला दाखवायचंय. लांब कुंपणाच्या आत मेंढरं. आणि एवढी कापणी झालीय, बांधणी झालीय, पण मजूर एक नाही, अगदी ठिपक्याएवढासुद्धा नाही. बाईंच्या पायात टोकदार नाजूक बूट, त्या बुटांनी त्या धसकटात दोन पावलं चालता येणार नाही. साहेब पाय तिरके टाकून, हात खिशात घालून उभे, काखेत बंदूक. बंदूक तिथे शोभेची नाही. १६७१ च्या कायद्यानं इंग्लंडमध्ये शिकारीचा हक्क ठरावीक उत्पन्नाच्या जमीनदारांपुरता ठेवला होता, वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन अशी ती अट होती, म्हणजे त्याच रानात ससा मारला म्हणून मजूर गुन्हेगार आणि मालक हौशी शिकारी. बंदुकीकडे असं बघितलं की ती जमिनीच्या कागदासारखी वाचता येते.

कुंपणाचंही तसंच. गावाची सामाईक कुरणं आणि गायरानं कुंपण घालून खाजगी करण्याचे कायदे इंग्लंडमध्ये १६०४ ते १९१४ या काळात ५,२०० च्या वर झाले, सुमारे ६८ लाख एकर जमीन त्यात गेली, म्हणजे इंग्लंडच्या एक पंचमांशाहून थोडी जास्तच. चित्रात नीटनेटकं दिसणारं कुंपण बघितलं की त्याच्या बाहेर कोण राहिलं असेल हा प्रश्न मनात ठेवून बघा, प्रत्येक वेळी उत्तर मिळेलच असं नाही पण नजर बदलते.

आणि हे गायब होणं नवीन नाही, या परंपरेच्या मुळातच आहे. मेंढपाळांची गाणी लिहिणारा ग्रीक कवी थिओक्रिटस इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकातला, आणि ती गाणी वाचणारे लोक शहरातले, दरबारातले होते. त्यांना मेंढपाळ हवा होता, नांगऱ्या नको होता, कारण मेंढरं चरत असताना माणूस बासरी वाजवत बसलेला दाखवता येतो, नांगर धरलेल्याचा घाम लपवता येत नाही. रोमन कवी व्हर्जिलनं मात्र आपल्या पहिल्याच गोपकवितेत दोघांना समोरासमोर आणलं, एक झाडाखाली निवांत बासरी वाजवतोय आणि दुसरा आपली शेरडं हाकत गाव सोडून चाललाय, कारण त्याची जमीन सैनिकांना वाटून टाकली. पुढे शेकडो वर्षं चित्रकारांनी झाडाखालचा माणूस मनापासून उचलला, शेरडं हाकत जाणारा फार थोड्यांनी. मला स्वतःला ही सगळ्यात दुःखाची गोष्ट वाटते या पूर्ण परंपरेत, कारण दोघंही एकाच कवितेत होते.

पाय आणि कपडे बघा

हे पटकन होतं. फ्रेंच चित्रकार बुशेच्या अठराव्या शतकातल्या चित्रांतल्या मेंढपाळणी रेशमी कपड्यात असतात, अनवाणी असल्या तरी तळवे गुलाबी. त्या मेंढपाळणी नाहीतच, मेंढपाळाचा वेश घेतलेल्या दरबारी बायका आहेत. व्हर्सायला १७८३ पासून फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतसाठी खेडं बांधलं गेलं त्यातही हेच, आतून सजवलेली घरं आणि बाहेरून भिंतींवर मुद्दाम तडे रंगवलेले, जुनी दिसावीत म्हणून. गरिबी रंगवून घ्यायची, राहायला नको.

इंग्लिश चित्रकार स्टब्जचं 'कापणी करणारे' (१७८५, लंडनच्या टेट म्युझियमचं) जरा वेगळं आणि मला ते जास्त अवघड वाटतं. इथे मजूर आहेत, भरपूर आहेत, नीट निरखून काढलेले, स्टब्जनं माणसाचं आणि घोड्याचं शरीर अभ्यासलं होतं आणि ते दिसतं. पण सगळ्यांचे कपडे स्वच्छ, मोजे पांढरे, टोप्या नीट, आणि बरेचसे एकाच लयीत वाकलेले. आणि त्यांच्यात घोड्यावर बसलेला मुकादम. त्याची उंची बघा, त्याची नजर कुठे आहे बघा, मग स्वतःला विचारा की आपण जे बघतोय ते मजुराला दिसणारं शेत आहे की मुकादमाला दिसायला हवं असलेलं, कामाला लागलेलं, तक्रार नसलेलं शेत. मजुरांना स्वच्छ कपड्यात दाखवणं म्हणजे अपमान असं मला म्हणायचं नाही, त्यात त्यांचा मानही आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि अशाच चित्रांपाशी जास्त वेळ थांबावं.

लांबचे ठिपके मोजा

इंग्लिश चित्रकार कॉन्स्टेबलचं 'हे वेन' (म्हणजे गवताची गाडी, १८२१) जगभर कॅलेंडरवर असतं. नदीत उभी गाडी, झोपडीवजा घर, कुत्रा. आता उजवीकडे लांबच्या कुरणात जा आणि झूम करा, तिथे गवत कापणारी आणि भरणारी माणसं आहेत, पांढरे-पांढरे ठिपके. सगळा घाम तिथे आहे, तेवढ्या अंतरावर. ही जागा फ्लॅटफर्डच्या गिरणीजवळची आणि ती गिरणी कॉन्स्टेबलच्या वडिलांची, म्हणजे हे गिरणीमालकाच्या मुलाचं बालपण आहे, आणि चित्र त्यानं रंगवलं लंडनमध्ये बसून, जुन्या अभ्यासचित्रांवरून. नेपोलियनशी युद्ध १८१५ मध्ये संपल्यावर इंग्लंडच्या त्या पूर्व भागात शेतमजुरांचे हाल झाले, १८१६ आणि १८२२ मध्ये तिथे दंगली झाल्या, मळणीयंत्रं फोडली. या दोन सालांच्या मध्ये हे शांत दुपारचं चित्र येतं. कॉन्स्टेबल खोटं बोलत होता असं नाही, पाणी आणि ढग त्याच्याइतके खरे फार कमी जणांनी काढले, पण मजूर किती लांब ठेवले की दुपार शांत राहते हे त्याला नक्की जमलं होतं.

तेव्हा निसर्ग बघण्याची फॅशनच अशी होती. गिल्पिन नावाचे एक पाद्री होते, चित्रासारखा निसर्ग कसा बघावा यावर त्यांनी बरंच लिहिलं, त्यांचं म्हणणं असं की नैतिक दृष्टीनं कष्टाळू कारागीर बघायला बरा पण चित्राच्या दृष्टीनं रेंगाळणारा खेडूतच चांगला दिसतो. आणि सहलीला जाणारे हौशी लोक एक छोटा काळपट फुगीर आरसा बरोबर न्यायचे, त्यात देखावा जुन्या चित्रासारखा मऊ दिसायचा. आरशात बघायचं म्हणजे खऱ्या शेताकडे पाठ करून उभं राहावं लागायचं. खरंच तसे उभे राहायचे लोक.

चित्र केवढं आहे आणि कोणाच्या भिंतीसाठी

स्क्रीनवर सगळी चित्रं सारखीच दिसतात म्हणून माप वाचायची सवय लावा. मोठा कॅनव्हास राजे, देव, लढाया यांच्यासाठी असायचा, खेडूत छोट्या चित्रात. कूर्बेचे दगडफोडे जवळजवळ खऱ्या माणसांएवढे होते, आणि त्याच्या गावच्या अंत्ययात्रेचं चित्र तर ३ मीटरहून उंच आणि ६ मीटरहून लांब आहे, त्यावर लोक चिडले त्यात या मापाचा मोठा हात होता.

गिऱ्हाईक कोण हेही शोधा, म्युझियमच्या साइटवर चित्राच्या मालकीचा इतिहास बरेचदा दिलेला असतो. ब्रूगलचं 'कापणी' (१५६५, आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये) हे अँटवर्पच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या शहराबाहेरच्या घरासाठी केलेल्या ऋतूंच्या मालिकेतलं. नजर उंचावरून, लांब समुद्र आणि जहाजं दिसतात, व्यापाऱ्याला आवडेल असंच जग. पण पुढे झाडाखाली जेवत बसलेले, पाय फाकवून घोरत पडलेला एक जण, हे सगळे आपल्या अगदी जवळ. एकाच चित्रात दोन उंचीवरून बघितलंय आणि म्हणूनच ते इतकं जिवंत वाटतं.

चित्रकाराच्या जन्मावरून निकाल लावू नका

ही चूक सगळीकडे दिसते, चित्रकार शेतकऱ्याचा मुलगा म्हणजे चित्र खरं आणि श्रीमंताचा मुलगा म्हणजे खोटं. मिले नॉर्मंडीतल्या शेतकरी घरातला, लहानपणी शेतात राबलेला, पण त्याची चित्रं शेतकऱ्यांनी विकत घेतली नाहीत. शेतात प्रार्थनेला थांबलेल्या जोडप्याचं त्याचं 'अँजेलस' हे चित्र मूळ एका श्रीमंत अमेरिकन माणसानं सांगितलं होतं आणि तो न्यायला आलाच नाही. तेच चित्र १८८९ च्या लिलावात ५,५३,००० फ्रँकपर्यंत चढलं, मिलेला मिळालेल्या पैशाच्या शेकडो पट, आणि तो जाऊन तेव्हा १४ वर्षं झाली होती. म्हणजे चित्रकार कुठून आला, चित्रातली नजर कुठून आली आणि चित्र कुठे गेलं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात.

सरावासाठी दोन चित्रं शेजारी शेजारी

मिलेचं 'सरवा वेचणाऱ्या' (१८५७) आणि ज्यूल ब्रेताँचं 'सरवा वेचणाऱ्यांना परत बोलावणं' (१८५९), दोन्ही पॅरिसच्या ओर्से म्युझियमच्या संग्रहातली. विषय एकच. कापणी झाल्यावर शेतात राहिलेली कणसं वेचायचा गरिबांचा हक्क फ्रान्समध्ये १५५४ च्या राजाज्ञेपासून होता, सूर्य मावळेपर्यंत वेचायचं, नंतर बंद.

दोन टॅबमध्ये उघडा आणि वरच्या पायऱ्या करत जा. मिलेकडे तीन बायका पुढ्यात, दोघी कमरेतून पूर्ण वाकलेल्या, तिसरी अर्धवट उठतेय. क्षितिजावर पट्टी धरा, वाकलेल्या दोघी तिच्या खालीच राहतात. पण त्या सरळ उभ्या राहिल्या तर रेषेच्या बऱ्याच वर जातील, मोजून बघा. म्हणजे बघणारा उंचावर नाही, त्यांना खाली दाबून धरलंय ते कामानं. तोंडं जवळजवळ दिसत नाहीत, हात मात्र दिसतात, जाड, कणसाकडे गेलेले. मग मागे बघा, उन्हात न्हालेल्या गंजी, भरलेली गाडी, मजुरांचा घोळका, आणि उजवीकडे लांब घोड्यावरचा देखरेख करणारा माणूस. सगळी सुबत्ता मागे, आणि या तिघींच्या मुठीत काड्या. १८५७ च्या सलोंमध्ये एका समीक्षकाला या तीन बायकांच्या मागे १७९३ चे, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीतल्या रक्तपाताचे, भाले आणि वधस्तंभ दिसले. तीन वाकलेल्या बायका, हातात शस्त्र नाही, कोणाकडे बघतसुद्धा नाहीत, आणि तरी एवढी भीती.

आता ब्रेताँ. त्याचे वडील एका मोठ्या जमीनदाराच्या जमिनीचा कारभार बघायचे. संध्याकाळ, आकाशात चंद्रकोर, काम संपलंय, बायका उठून चालायला लागल्यात. पाय अनवाणी, कपडे फाटके, ते लपवलेलं नाही, पण चाल राण्यांसारखी, पेंढ्या दागिन्यासारख्या खांद्या-डोक्यावर. डावीकडे राखणदार तोंडाशी हात नेऊन ओरडतोय. त्याच्या ओरडण्यानं सगळं चित्र हलतंय, म्हणजे सत्ता चित्रात आहे, पण इतकी सौम्य की खटकत नाही. हे चित्र तेव्हाचा फ्रान्सचा बादशहा तिसऱ्या नेपोलियननं विकत घेतलं.

दोन्हींसाठी एकेक ओळ लिहा, बघणारा कुठे उभा आहे, त्याच्या पायाखाली काय आहे, बाईनं मान वर केली तर तिला तो दिसेल का. म्युझियमची माहिती वाचायच्या आधी लिहा, नंतर नाही, नाहीतर तिथलीच वाक्यं डोक्यात बसतात. आणि ब्रेताँचं चित्र जास्त आवडलं तर आवडलं म्हणून लिहा, मलाही त्यातला उजेड फार आवडतो, फक्त तो उजेड कोणत्या बाजूनं पडलाय आणि कोणाला सोडून गेलाय तेही पुढे लिहून ठेवा.